मी दोन किलो तीनशे वीस सांगितले होते

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पायात मोडतो तो नव्हे आणि घड्याळात फिरतो तोही नव्हे. मी नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे वजन करणारा काटा आहे. खाली जड लोखंडी बैठक, वर पांढरे खोलगट पारडे आणि समोर ताटाएवढी गोल तबकडी, तिच्यावर लाल सुई. दोन बारीक रेघांमध्ये वीस ग्रॅमचे अंतर. वीस ग्रॅम म्हणजे किती? बाळाने चार चमचे दूध प्यावे एवढेच. पण मला तेवढेही कळते.

आधीच सांगून ठेवतो, मी आज रागाने बोलणार आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. छत्री बोलते, फळा बोलतो, मोडकी खुर्ची बोलते आणि शेवटी सगळे डोळे पुसतात. मला ते जमणार नाही. मी जे सांगितलेच नाही, ते माझ्या नावावर लिहिले गेले. त्या खोट्यापायी एका आईला स्वतःच्या दुधावर शंका घ्यावी लागली. ते आठवले की अजून माझी स्प्रिंग तापते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड चष्म्याच्या एका फिटरने मला जोडले. तो माझ्या पारड्यात एक किलोचे माप ठेवायचा, सुई पाहायचा, खालचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि पुन्हा ठेवायचा. असे त्याने एका दुपारी निदान चाळीस वेळा केले. शेजारचा कामगार त्याला म्हणाला, "अहो, बस झालं आता. सोनं तोलायचंय का त्याच्यावर?" फिटर मान वर न करता म्हणाला, "सोनं असतं तर एवढं बघितलं नसतं." मी तेव्हा कोरा करकरीत होतो, मला त्याचे बोलणे कळले नाही. पुढे कळले.

एक किलोच्या त्या मापासकट मला एका सरकारी प्रसूतिगृहात पाठवले. तिथे मला चाकांच्या टेबलावर बसवले. सकाळी बाळंतपणाच्या खोलीत आणि दुपारी वॉर्डात, अशी माझी ये-जा चाले. माझा ताबा मोठ्या सिस्टरांकडे होता. त्या अंगाने मोठ्या नव्हत्या, उलट अगदी चिमणीएवढ्या होत्या. पण त्यांचा आवाज आला की वॉर्डातल्या उशासुद्धा सरळ होत. त्या आधी माझ्या पारड्यात कोरडे, ऊबदार दुपटे ठेवायच्या. दुपट्याचे वजन बाळाच्या नावावर जाऊ नये म्हणून सुई शून्यावर आणायच्या आणि मोठ्याने विचारायच्या, "शून्य?" हाताखालची सिस्टर वाकून बघायची आणि म्हणायची, "शून्य." मगच बाळ माझ्याकडे यायचे. सुई थांबली की त्या आकडा दोनदा मोठ्याने वाचायच्या. एकदा लिहिणारीसाठी आणि एकदा आईसाठी. "दोन किलो सातशे ऐंशी. ऐकलंस का गं? दोन किलो सातशे ऐंशी." थकलेली आई हसायची. कितीतरी आयांनी आपल्या बाळाबद्दल ऐकलेली पहिली गोष्ट मी सांगितलेली होती. माझी छाती तेव्हा फुगायची. काट्याला छाती नसते, पण तुम्ही समजून घ्या.

तबकडीवर अडीच किलोपाशी मोठ्या सिस्टरांनी पिवळी खूण केली होती. सुई त्या खुणेच्या आत थांबली की बाळाच्या खाटेला पिवळे कार्ड लागायचे. पिवळे कार्ड म्हणजे शिक्षा नव्हे. हे बाळ लहान आहे, त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघा, एवढाच त्याचा अर्थ. त्याला टोपी आणि मोजे घालायचे, दर तीन तासांनी अंगाची ऊब मोजायची, झोपले असले तरी दोन तासांनी उठवून पाजायचे आणि आईने त्याला उघड्या छातीशी धरून ठेवायचे. लहान बाळाला स्वतःची ऊब सांभाळता येत नाही, ती आईकडून घ्यावी लागते. इतकी साधी गोष्ट आहे.

मग मोठ्या सिस्टरांची बदली नर्सिंगच्या शाळेत झाली. मुलींना शिकवायला. आणि आमच्या वॉर्डाच्या दाराशी एक बोर्ड लागला: 'या महिन्यात कमी वजनाची बाळे', आणि पुढे खडूने लिहायला चौकट. बोर्ड लावणारे साहेब म्हणाले, "आकडा खाली आला पाहिजे." बाळांच्या आया नीट जेवल्या पाहिजेत, त्यांना विश्रांती मिळाली पाहिजे, असे ते म्हणाले नाहीत. आकडा खाली आला पाहिजे म्हणाले. आणि मित्रांनो, आकडा खाली आणण्याचा सगळ्यात सोपा उपाय कोणता, हे सांगायला काही पंडित लागत नाही.

पहिल्यांदा माझी सुई दोन किलो चारशे ऐंशीवर थांबली होती. मोठ्या सिस्टरांच्या जागी आलेल्या नव्या सिस्टरने पाहिले, ती जरा थबकली आणि वहीत अडीच लिहिले. एकाच रेघेचा फरक. मी म्हटले, जाऊ दे. तिथेच माझे चुकले. पुढच्या आठवड्यात चारशे चाळीसचे अडीच झाले. मग चारशेचे झाले. बाळे येत राहिली आणि वहीत सगळी अडीच किलोची होत गेली. मी त्या सिस्टरचे मनातल्या मनात नाव ठेवले, अडीच सिस्टर.

ती काही दुष्ट नव्हती. अठरा खाटा आणि ती एकटी. एका पिवळ्या कार्डामागे तीन फॉर्म भरायचे, वर साहेबांचा प्रश्न यायचा, "याही महिन्यात एवढी कशी?" संध्याकाळपर्यंत तिचे पाय सुजून चपलेत मावत नसत. तिचा राग यायचा आणि तिच्या पायांकडे लक्ष गेले की तो राग कुठे ठेवावा कळत नसे. पण राग होता, तो मी लपवत नाही. 'शून्य?' विचारणे बंद झाले. मोठ्याने वाचणेही बंद झाले. काटेकोर हा शब्द आमच्याच घराण्यातला आहे, असे मी लहानपणापासून मानत आलो होतो. त्या वॉर्डात मला त्या शब्दाची लाज वाटू लागली.

आता त्या मुलीची गोष्ट.

एका सकाळी अकराच्या सुमारास एक बाई बाळंत झाली. पहिलेच बाळ, मुलगी. बाई कपडे शिवण्याच्या दुकानात काम करायची. वेणा चालू असतानाही, समोरच्या पडद्याची शिवण वाकडी आहे, असे तिने सांगितले होते. अडीच सिस्टरने बाळाला पुसले आणि माझ्या पारड्यात ठेवले. मुलगी खणखणीत रडली. माझी सुई दोनदा हलली आणि दोन किलो तीनशे वीसवर ठाम उभी राहिली. मी इतके स्पष्ट कधी सांगितले नसेल.

आईने मान वळवली. आमच्यात एका हाताचे अंतर होते. "किती, सिस्टर?"

"अडीच."

"पण सुई तर अडीचच्या बरीच मागे आहे."

"तिकडून तिरकं दिसतं. तू नीट आडवी हो बघू."

"मी दिवसभर टेप वाचते, सिस्टर. उलटासुद्धा वाचते."

"इथे टेप नाहीये, काटा आहे. आत्ता बाळंत झालीस, डोळ्यापुढे अंधारी येत असेल. पड शांत."

आणि वहीत लिहिले गेले, दोन किलो पाचशे. शेवटची दोन शून्ये तिने फार सुबक काढली. मला बोलता येत नाही याचा एवढा संताप मला तोवर कधी आला नव्हता. समोर खरे बोलणारे दोघे होते, एक लोखंडाचा आणि एक नुकतीच बाळंत झालेली. दोघांनाही कुणी मोजले नाही.

पिवळे कार्ड लागले नाही. टोपी नाही, दर तीन तासांनी ऊब बघणे नाही. बाळ खिडकीजवळच्या पाळण्यात वेगळे ठेवले, कारण अडीच किलोच्या बाळाला काय धाड भरली आहे?

तिसऱ्या दिवशी सकाळी, घरी पाठवण्याआधी, मला वॉर्डात आणले. मुलीला माझ्या पारड्यात ठेवले, तेव्हा तिचे इवलेसे तळवे मला लागले. गार होते. पोट ऊबदार आणि तळवे गार. सुई थांबली, दोन किलो एकशे साठ. आणि गंमत बघा, या वेळी अडीच सिस्टरने अगदी नेमके लिहिले. कारण तिसऱ्या दिवसाच्या वजनाचा बोर्ड नव्हता ना!

आता जरा नीट समजून घ्या. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळांचे वजन थोडे उतरते आणि मग चढू लागते. दोन किलो तीनशे वीसवरून एकशे साठ ग्रॅम उतरले, तर बाळाकडे लक्ष ठेवायचे, पण घाबरायचे नाही. पण वहीत होते अडीच. अडीचमधून उतरले तीनशे चाळीस. एवढे उतरले तर कुणीही घाबरेल.

डॉक्टर आले, वही पाहिली. बाळ पाहिले नाही. वही पाहिली. "बापरे, तीनशे चाळीस! दूध पुरत नाही हिला. आजपासून वरचं दूध सुरू करा," असे म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले. सगळे मिळून अर्धे मिनिट.

आईचा चेहरा उतरला. "डॉक्टर, ती पितेय," ती म्हणाली. "जन्मली तेव्हाच ती अडीच नव्हती. मी बघितलंय."

अडीच सिस्टरने औषधाच्या ट्रेमधून डोके वर काढले. "काटा जुना झालाय. कधी काय दाखवेल भरवसा नाही."

ऐकलेत? खापर माझ्या डोक्यावर! वर्षानुवर्षे बाळे उचलली, एकदाही खोटे बोललो नाही आणि आता मी बेभरवशाचा झालो. तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, खाली टेबलाची चाके आहेत. पण आग खरी होती.

आईच्या शेजारी तिची सासू बसली होती, थकलेल्या चेहऱ्याची, प्रेमळ बाई. ती सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अगं, होतं असं. मलाही पुरलं नव्हतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी जाते आणि दुधाचा डबा घेऊन येते."

"थांबा ना आई. ती पितेय, मला कळतंय. गिळताना आवाज येतो तिच्या घशातून."

"कळत असेल गं. पण कागदावर लिहिलंय ना."

सून भिंतीकडे तोंड करून रडू लागली. सासूने पिशवी उचलली. मित्रांनो, तुम्ही शाळेत खरे उत्तर दिले आणि मास्तरांनी पुस्तकातल्या छापील चुकीमुळे तुम्हाला चूक ठरवले, तर कसे वाटेल? तसेच हे. फक्त इथे उत्तर तिच्या अंगातून यायचे होते. आपल्याला दूध येत नाही, असे आईला पटले आणि ती बाळाला कमी पाजू लागली, तर दूध खरोखरच कमी होते. मग तिने जन्मभर मानले असते की, आपण आपल्या लेकीला उपाशी ठेवत होतो.

त्याच वेळी दारातून आवाज आला, "पाचही जणी इकडे या. हात धुतलेत का? पुन्हा धुवा."

मोठ्या सिस्टर! नर्सिंगच्या पाच विद्यार्थिनींना घेऊन नवजात बाळाची तपासणी शिकवायला आल्या होत्या. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. त्यांची नजर आधी रडणाऱ्या आईवर गेली, मग दाराकडे निघालेल्या सासूच्या पिशवीवर. "काय झालं?" त्यांनी विचारले. आईने सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "आजी, दहा मिनिटं बसा. आपण आधी बाळाला विचारू."

त्यांनी हात चोळून ऊबदार केले आणि बाळाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. बोलता बोलता मुलींना शिकवत होत्या. टाळूवर अलगद बोट ठेवले, "खोल गेलेली नाही." ओठ पाहिले, "तोंड ओलं आहे." स्वच्छ करंगळी तोंडात दिली आणि हसल्या, "अगं बाई, बोट गिळते की काय ही!" छातीकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. नाळ, कंबर, पाठीचा कणा, सगळे झाले. मग हाताची मागची बाजू आधी पोटाला आणि नंतर तळव्याला लावली. तिथे मात्र त्यांचा चेहरा बदलला. "तळवे गार आहेत. बाळाला थंडी वाजतेय. हिला टोपी का नाही?"

अडीच सिस्टरने दुपट्याचे टोक बाळाच्या डोक्यावर ओढले.

"लंगोट किती ओले झाले कालपासून?"

विद्यार्थिनी वहीत शोधू लागल्या. वहीत ती जागा कोरी होती. आईने उशाखालून निळ्या दोऱ्याचा तुकडा काढला. "प्रत्येक ओल्या लंगोटाला एक गाठ मारलीय. शी केली की दुहेरी गाठ."

मोठ्या सिस्टरांनी गाठी मोजल्या. पाच साध्या आणि तीन दुहेरी. त्यांनी तो दोरा मुलींसमोर धरला. "उपाशी बाळ एवढं करेल का? सांगा." मग म्हणाल्या, "आता वजनांची वही आणा."

त्यांनी महिन्याची पाने उलटली. बोट रकान्यावरून खाली सरकत गेले. अडीच. अडीच. दोन आठशे. अडीच. अडीच. अडीच. एकतीस बाळांपैकी एकोणीस अडीच किलोची. "काय गं," त्या अडीच सिस्टरला म्हणाल्या, "साच्यातून काढता का बाळं इथे?"

"काटा जुना आहे, सिस्टर..."

"असं?" त्यांनी कपाटाचा खालचा खण उघडला आणि मागे हात घालून माझे एक किलोचे माप काढले. कापडाने पुसले, माझी सुई शून्यावर आणली आणि ते माप माझ्या पारड्यात ठेवले. वॉर्डात सगळे माझ्याकडे बघत होते. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. इतकी वर्षे धक्के खाल्ले होते, सुई कुठे थांबेल कोण जाणे. सुई हलली आणि थांबली. एक किलो. ना एक रेघ इकडे, ना एक रेघ तिकडे.

"काटा खरं बोलतोय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मग त्या आईकडे वळल्या. त्यांनी जे विचारले, ते तीन दिवसांत कुणी तिला विचारले नव्हते. "तू काय पाहिलंस गं?"

आई उठून बसली. "अडीचच्या मागे नऊ बारीक रेघा होत्या. मी मोजल्या होत्या."

नऊ रेघा, एकेक वीस ग्रॅमची. विद्यार्थिनींच्या ओठांची हालचाल मला दिसत होती, सगळ्या मनातल्या मनात वजाबाकी करत होत्या. "दोन किलो तीनशे वीस," त्यांच्यातली एक म्हणाली. माझ्या मनातला आकडा माणसाच्या तोंडून बाहेर आला. मित्रांनो, मी लोखंडाचा नसतो तर तिथेच रडलो असतो.

अडीच सिस्टर भिंतीला टेकली. "मला आठवत नाही हो," ती हलकेच म्हणाली. "खरंच आठवत नाही. मी कितीजणींचं असं लिहिलंय..."

"अठरा खाटांना तू एकटी आहेस, ते मी वर लिहीन. आणि त्या बोर्डाचंही बघते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पण हे तू लिहायचंस. खोडायचं नाही. एक आडवी रेघ मार, वर खरं वजन लिही आणि शेजारी पूर्ण सही कर." तिने लिहिले. या वेळी आकडा खरा होता. डॉक्टरांना परत बोलावून वही आणि बाळ दोन्ही दाखवले. वरच्या दुधाच्या शेऱ्यावर त्यांनी काट मारली. दोनच शब्द बोलले, "बरोबर आहे." माफी मागितली असती तर काही बिघडले नसते, पण असो.

मग मुलीला टोपी घातली आणि आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरूण घातले. थोड्या वेळाने सासूने पांघरुणात हात घालून नातीचे तळवे पाहिले. "गरम झाले की गं," ती म्हणाली आणि सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारून म्हणाली, "चुकलं माझं. तू म्हणत होतीस." तिची पिशवी खुर्चीखाली तशीच पडून राहिली.

दहाव्या दिवशी आई मुलीला घेऊन तपासणीला आली. मुलीला माझ्या पारड्यात ठेवल्यावर तिने अडीच सिस्टरला बोलूच दिले नाही. वाकून स्वतः वाचले, मोठ्याने, दोनदा. "दोन किलो तीनशे चाळीस. दोन किलो तीनशे चाळीस!" सगळे निव्वळ आईच्या दुधावर. सिस्टरने तेच लिहिले.

तुम्हाला वाटेल, झाले, गोड शेवट. नाही. त्या महिन्यात वॉर्डात वजने खरी लिहिली गेली आणि बोर्डावरचा आकडा एकदम वर गेला. साहेब आले, बोर्ड पाहिला आणि म्हणाले, "काटा बदला." आणि त्यांनी खरोखरच मला बदलले. आता मी सामानाच्या खोलीत मोडक्या सलाईन स्टँडांच्या शेजारी आहे. माझ्या जागी लाल दिव्यांचे आकडे दाखवणारा नवा काटा आला आहे. त्याच्याशी माझे वैर नाही. तोही बिचारा खरेच बोलत असेल. लिहिणारे हात कुणाचे आहेत आणि त्यांच्या मानेवर कुणाचा बोर्ड आहे, यावर सगळे आहे. माझी जागा गेली याचे मला फार दुःख नाही. आकडा लाजिरवाणा वाटला म्हणून बाळाकडे बघण्याऐवजी काट्याकडे बोट दाखवले, याची चीड आहे आणि ती राहणार.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझी धूळ पुसा, असे मी सांगणार नाही. माझे एक वेगळेच काम करा. आज घरी गेलात की तुमचा जन्माचा कागद मागून घ्या आणि त्यावरचे वजन वाचा. तिथे नेमके अडीच किलो लिहिलेले असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि आईजवळ बसा. विचारा, "आई, त्या दिवशी तू काय पाहिलं होतंस?" कदाचित हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत असेल. ती जे सांगेल, त्यावर विश्वास ठेवा.